तुमच्या हातचं ‘सर्वानुमते’

आप्पा, माझा तुमच्यावर राग आहे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की राग ठेवणारीच आता काठी टेकत चालते, पण राग काही म्हातारा व्हायला तयार नाही. आई होती तोवर तिच्यासमोर तुमच्याविषयी वाकडा शब्द काढायची सोय नव्हती. ती स्वतः काय वाटेल ते बोलायची, पण दुसऱ्यानं बोललेलं तिला खपायचं नाही. आता तीही गेली. परवा गावाहून बोलावणं आलं म्हणून गेले होते. ग्रामपंचायतीची नवीन इमारत झाली, तिथं जुन्या सरपंचाचा फोटो लावायचा कार्यक्रम होता. मला मास्तरांची लेक म्हणून पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली, नारळ दिला. फोटोला हा भला मोठा झेंडूचा हार. एक तरुण शिक्षक भाषणाला उभा राहिला आणि म्हणाला, “या महापुरुषाच्या काळात गावात कधी विरोध म्हणून झालाच नाही. जुनं दप्तर उघडून बघा. एकेक ठराव सर्वानुमते!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दप्तरातलं अक्षर तुमचं होतं, आप्पा. मी घरी बुऱ्हाणपूरला आले, दोन दिवस मला जेवण गेलं नाही, आणि आज हे लिहायला बसले.

खोटं कशाला बोलू, तो सरपंच चोरून आलेला नव्हता. आपण त्याला निवडून दिलं होतं. पहिल्या निवडणुकीला मी बारा-तेरा वर्षांची होते. आई हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून मत द्यायला चावडीवर गेली, जणू लेकीच्या लग्नालाच निघाली आहे. परत आली आणि म्हणाली, “मलाबी इचारलं बरं सरकारनं.” आईचं मत त्यालाच होतं. तुमचं होतं, मामाचंही होतं. आणि पहिली दोन-तीन वर्षं त्यानं काम केलं, नाही म्हणवत नाही. शाळेवर कौलं आली, विहीर बांधून काढली, पावसाळ्यात बैलगाडी रुतायची त्या वाटेवर दगड पडले. दिसायला देखणा, बोलायला गोड. रस्त्यात बायका दिसल्या की मान खाली घालून जायचा. दापोऱ्याची आत्या तर म्हणायची, असा सरपंच आमच्या गावाला का नाही. तुम्ही शाळेत शिकवायचे आणि पंचायतीचे चिटणीस म्हणून लिहिण्याचं काम करायचे. गावात दुसऱ्या कुणाचं अक्षर तेवढं चांगलं नव्हतं, आणि तुम्हालाही त्याचा केवढा अभिमान!

सभेची आपली रीत परक्या माणसाला सांगितली तर हसेल. आधी पंच यायचे आणि कोऱ्या पानावर हजेरीची सही करायचे. मग बोलणं व्हायचं. बोलून झालं की सरपंच गुळाचं ताट फिरवायला सांगायचा. गूळ तोंडात टाकला की माणूस राजी. हात वर करणं, मतं मोजणं, हे आपल्या गावाला हलकं वाटायचं, चारचौघांत भावाभावांनी भांडल्यासारखं. ताट समोर आल्यावर गूळ नको म्हणायचं कुणाला सुचायचंही नाही, कारण देवाच्या नावानं फिरवलेला गूळ आणि समोर घरातली माणसं. मनात नसलं तरी लोक खडा उचलायचे. मग तुम्ही सावकाश, घरी येऊन, त्या सह्यांच्या खाली ठराव लिहायचे आणि शेवटी तुमचं ते वळणदार ‘सर्वानुमते मंजूर’. तहसीलचे साहेब एकदा म्हणाले होते की या गावासारखी वही साऱ्या निमाडात नाही. तुम्ही ते वाक्य येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं. आठवतं का? तुम्ही ओट्यावर बसून लिहीत होता आणि मी दौत धरून उभी होते. मी म्हटलं, “आप्पा, नदीकाठचे काका तर नाही म्हणत होते, सगळ्यांनी ऐकलं. मग सर्वानुमते कसं?” तुम्ही टाक खाली ठेवला. तुम्ही कधी हात उचलला नाही, पण त्या दिवशी असं बघितलं माझ्याकडे की मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, “त्यांनी गूळ खाल्ला ना शेवटी? मतं मोजायला लागलं की गाव फुटतं. लिहिणं मला शिकवू नकोस.” मला वाटलं, असेल, मोठ्यांना कळत असेल. अहो, काय कळत होतं तुम्हाला? तुम्ही तर त्याला दर महिन्याला लिहून देत होता की बाबा रे, तुला विचारणारं इथं कुणी नाही.

आणि त्यानं ते बरोबर वाचलं. सभा चावडीवरून उठून त्याच्या घरच्या ओसरीवर गेली, का तर म्हणे चावडी गळते. सभेची दवंडी बंद झाली, फक्त पंचांना निरोप जायला लागला. दोन पंच पाठोपाठ तीन सभांना आले नाहीत, तर त्यांच्या जागी त्यानं स्वतःचा साडू आणि स्वतःचा सालदार बसवला. निवडणूक नाही, विचारणं नाही. सालदार बिचारा! धन्यासमोर खाली बसणारा माणूस, तो पंच म्हणून काय बोलणार? तुम्ही लिहिलं, सर्वानुमते. मग कोंडवाड्याचा खेळ सुरू झाला. कोंडवाडा मोकाट गुरांसाठी होता, पण आता ज्या घरात सरपंचाविरुद्ध बोलणं व्हायचं, त्याच घरची गुरं बरोबर मोकाट सापडायला लागली. दावणीला बांधलेली म्हैससुद्धा कोंडवाड्यात. लोक हसायचे, म्हणायचे, म्हैस काय बोलली असेल सरपंचाला? मग हसणंही बंद झालं. कुणी काही म्हटलं की त्याचं एकच, “गावात फूट पाडायची आहे का?” एवढ्यावर भले भले मिठाची गुळणी धरून बसायचे.

मग छप्पन साली राज्य बदललं. आपलं नागपूर सुटलं आणि आपण भोपाळचे झालो. तुम्ही नकाशा आणून शाळेत लावला, पोरांना नवीन सीमा दाखवली, इच्छापूरच्या पुढं आता दुसरं राज्य म्हणून सांगितलं. कागद हिंदीत यायला लागले. कुणालाच काही नीट ठाऊक नव्हतं, कोणतं ऑफिस कुठं गेलं, कोणता कायदा राहिला, कोणता गेला. त्याच वर्षी पंचायतीची मुदत संपत होती. त्यानं सभा बोलावली आणि म्हणाला, नवीन राज्याचं सगळं बसेपर्यंत निवडणूक नको, तोवर हीच पंचायत पुढं चालू राहील. किती दिवस, ते नाही सांगितलं.

त्या सभेला मी होते, आप्पा. तुम्ही चष्मा घरी विसरला होता, तो आणून दिला आणि दाराआड सरपंचाच्या घरच्या बायकांत उभी राहिले. मामा उठला. आईचा सख्खा भाऊ, पंच, बोलायला रांगडा, पण आयुष्यात कुणाच्या बांधाला हात न लावलेला माणूस. म्हणाला, “राज्य बदललं म्हणून आपण काय पेरणी थांबवली का? लोकांनी आपल्याला मुदतीनं बसवलं. मुदत सरली, उठा. परत निवडून या, मीच पहिलं मत देतो.” सरपंच गोड हसला आणि ताट फिरवायला सांगितलं. एकेकानं खडा उचलला. ताट मामासमोर आलं. मामानं दोन्ही हात मांडीखाली घातले. ताट धरणारा सालदार घाबरून तसाच उभा. मामा तुमच्याकडे वळून म्हणाला, “दाजी, मी गूळ खात नाही. माझा इरोध लिहा. माझ्या नावानिशी लिहा.” सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही चष्मा पुसला, मान हलवली. मी देवाशप्पथ सांगते, त्या वेळी मला तुमचा इतका अभिमान वाटला. मला वाटलं, माझे आप्पा लिहिणार.

घरी आई भाकरी थापत होती. तुम्ही वही बंद केली तेव्हा तिनं परातीतून मान वर न करता विचारलं, “काय लिहिलं?” तुम्ही म्हणाले, “सगळ्यांचं जे ठरलं ते.” “माझ्या भावाचं?” “त्याच्या एकट्याचं लिहून काय फरक पडणार आहे? उगीच त्यालाच त्रास होईल. त्याच्या भल्यासाठीच सांगतो.” आईनं तव्यावरची भाकरी काढली, चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाली, “एकट्याचं लिहून काही होत नाही, तर मग गाळायला एवढे का भिता?” अंगठा उठवणारी बाई चार बुकं शिकलेल्या माणसाला हे विचारत होती, आप्पा! तुम्ही पाटावर बसला आणि जेवला. मी बघत होते, तुम्ही दोन भाकरी खाल्ल्या.

पुढं जे झालं ते साऱ्या गावानं बघितलं. मृगाचा पाऊस पडून वाफसा झाला होता, कपाशीची लावणी तोंडावर, आणि मामाची बैलजोडी कोंडवाड्यात. गोठ्यातून सोडून नेली आणि वर सांगितलं की शाळेच्या आवारात शिरली. आठ दिवस. नवव्या दिवशी बैलं सुटली तेव्हा त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि रानातली ओल उडून गेली होती. मामा बुऱ्हाणपूरला तहसीलमध्ये गेला. अर्जी दिली की गावात निवडणूक बळजबरीनं थांबवली आहे, मी सभेत विरोध केला म्हणून माझा सूड घेतला. साहेबानं तुम्हाला वहीसकट बोलावलं. तिथं काय झालं ते मला मामानं सांगितलं, तुम्ही कधी नाही सांगितलं. साहेब नवीन होता, हिंदीवाला. त्यानं वही उघडली, वर मामाची सही दाखवली, खाली ठराव दाखवला. मामा म्हणाला, ती सही हजेरीची आहे, ठराव नंतरचा आहे. साहेबानं तुम्हाला विचारलं, “मास्टरजी, आप बताइए, इन्होंने विरोध किया था?” मामा म्हणायचा, मला वाटलं सुटलो, दाजी समोर आहेत. आणि तुम्ही वहीकडे बघून म्हणाले, “साहब, जो लिखा है वही है।”

जो लिखा है वही है. लिहिलं कुणी होतं? साहेबानं मामाला सगळ्यांसमोर झापलं, झूठी शिकायत करता है म्हणून. गावात बातमी त्याच्या आधी पोचली. पोरं त्याला ‘खोट्या’ म्हणून हाक मारायला लागली, तुमच्या शाळेतली पोरं. त्याच्या शेतात कुणी मजूर जाईना, त्याच्या घरच्या सवाष्णीला कुणी हळदी-कुंकवाला बोलवेना. दोन वर्षं काढली त्यानं तशी. मग जमीन वाट्यानं देऊन, बायको-पोरांना घेऊन बुऱ्हाणपूरला आला आणि कापडाच्या मागावर राबायला लागला. स्वतःच्या शेताचा मालक माणूस, दुसऱ्याच्या मागावर! आईनं त्या दिवाळीला भाऊबीजेचं ताट केलं, निरांजन लावलं आणि रिकाम्या पाटाला ओवाळलं. तुम्ही घरातच होता. तुम्ही उठून देवळात निघून गेला.

तो सरपंच आणखी किती वर्षं बसला! गावात पुन्हा निवडणूक झाली तेव्हा माझी दोन्ही लेकरं शाळेत जात होती. तोवर गावाला त्याची सवय झाली होती. लोक म्हणायचे, निवडणुकीला काय करायचं, चाललंय ते बरं चाललंय. हे मी ऐकत होते आणि मला तुमचं अक्षर दिसायचं. पुढं देशात मोठ्या लोकांनी तसंच केलं, निवडणूक पुढं ढकलली, बोलणाऱ्यांना आत घातलं, तेव्हा मी शिकवत होते त्या शाळेतल्या बाया म्हणायच्या, अगबाई, असं कसं झालं एकदम? एकदम कसलं! माझ्या माहेरच्या ओट्यावर मी ते होताना बघितलं होतं. दौत मीच धरली होती. जुलमी माणूस एकटा काही करू शकत नाही, आप्पा, त्याला एक सज्जन माणूस लागतो, चांगल्या अक्षराचा.

तुम्ही भित्रे होता असं म्हणून मी बरीच वर्षं समाधान करून घेतलं. पण तेही खरं नव्हतं. तुम्ही आजारी पडला तेव्हा आईनं एक दिवस सांगून टाकलं. माझ्या मास्तरणीच्या ट्रेनिंगला शिफारस लागत होती, आणि ती त्या सभेच्या आदल्या आठवड्यात सरपंचानं लिहून दिली होती. म्हणून तुमची मान हलली, पण टाक हलला नाही. अहो, मला विचारायचं तरी! मी सतरा वर्षांची होते, लहान नव्हते. मी म्हटलं असतं, नको मला ट्रेनिंग, मी शेण काढीन. म्हटलं असतं का? आता छातीठोक सांगता येत नाही. पण विचारायला हवं होतं. तुम्ही मामाचं तोंड बंद करून माझ्या हातात खडू दिला, आणि मी तो तीस वर्षं फिरवला.

तुम्ही गेल्यावर तुमची ट्रंक मी आवरली. आईच्या डोळ्यांना तेव्हा दिसत नव्हतं. खाली, धोतरांच्या घडीत, तुमची कच्ची वही सापडली, सभेत बसल्या बसल्या शिसपेन्सिलीनं टिपणं करायचे ती. मी ते पान काढलं. लिहिलं होतं, ‘एका पंचाचा विरोध.’ मामाचं पूर्ण नाव. ‘मुदत संपली, निवडणूक झालीच पाहिजे असे म्हणणे. गूळ घेतला नाही.’ खाडाखोड नाही, काही नाही. म्हणजे तुम्ही लिहिलं होतं! तहसीलमध्ये त्या साहेबासमोर उभे होता तेव्हा हे पान घरी ट्रंकेत होतं. भीतीनं फाडून टाकलं असतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं. पण तुम्ही खरं जपून ठेवलं, घडी घालून, डांबरगोळ्या घालून, आणि त्या माणसाला खोटा म्हणून मरायला सोडलं. याचीच मला जास्त चीड आली.

हे पत्र कुठं पाठवणार? तुमच्या फोटोमागं ठेवावं तर सून झाडताना वाचेल. लिहून झालं की चुलीचा जमाना असता तर चुलीत घातलं असतं, आता फाडून बंबात टाकीन. पण फाडायच्या आधी एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला तुमच्यावर एवढं ओरडायचा हक्क नाही.

वही सापडली तेव्हा मामा जिवंत होता. तुमच्या तेराव्यानंतर महिन्याभरानं मी ती पिशवीत घालून त्याच्या खोलीवर गेले. गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट, बोललेलं ऐकू येत नव्हतं. मामा थकला होता, कानानंही गेला होता. मामी गेलेली, त्यानंच स्टोव्ह पेटवून चहा टाकला. माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “पोरी, दाजींनी जाताना माझ्यासाठी काही लिहून ठेवलं का गं? शिकलेला माणूस होता. कुठं तरी लिहिलं असेल त्यांनी.” पिशवी माझ्या मांडीवर होती. मी त्याच वर्षी हेडमास्तरीण झाले होते. मला ठाऊक होतं, हा म्हातारा ते पान घेऊन गावाला जाईल, चावडीवर उभा राहून मोठ्यानं वाचून घेईल, आणि मग कुणी तरी विचारेलच की मास्तरांनी असं का केलं आणि मास्तरांच्या लेकीला नोकरी कशी लागली. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी नाही म्हणाले, आप्पा. त्याला ऐकू जावं म्हणून दोनदा, मोठ्यानं नाही म्हणाले, आणि त्यानं केलेला चहा पिऊन घरी आले.